प्रतिसाद: शार्त्रूझपेक्षा द्राक्षाचं पेय

ध्यानाला साजेसं कॉकटेल म्हणून मूळ लेखात ‘लास्ट वर्ड’ सुचवलंय: जिन, हिरवी शार्त्रूझ (वनस्पतींपासूनचं फ्रेंच मद्य), मराशिनो (चेरीचं मद्य) आणि लिंबाचा रस, चारही सारख्या मापाने. पेय झकास, वाद नाही. शार्त्रूझ करणारे कार्थुसियन पंथाचे ख्रिस्ती साधू बहुतेक वेळ मौनात असतात, 130 वनस्पतींची कृती गुप्त ठेवतात आणि मागणी वाढली तरी उत्पादन वाढवायला नाही म्हणतात. पण 55 टक्के अल्कोहोलची शार्त्रूझ पोटात गेल्यावर ध्यान लागणार की झोप? मठाच्या नावावर खपणारं दुसरं मद्य, बेनेडिक्टिन, तर 1863 मध्ये एका व्यापाऱ्याने आणलेलं. त्याची मठाची गोष्ट बरीचशी जाहिरातीची.

त्यापेक्षा आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांकडे, त्रिरश्मी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांकडे बघा. तिथल्या भिक्खूंना मद्य वर्ज्य आणि दुपारनंतर जेवणही बंद. मात्र विनयपिटकात (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात) त्यांना आठ प्रकारची ‘पानं’, म्हणजे पेयं, चालतात. त्यात आंबा, जांभूळ, केळं, फालसा आहेत, आणि चक्क द्राक्षही! नाशिककरांना आणखी काय हवं?

माझी कृती अशी: काळी द्राक्षं (शरद सीडलेस मिळाली तर उत्तम) हाताने कुस्करून पातळ फडक्यातून गाळा. मिक्सर नको, सालं भरडली की रस तुरट होतो. 120 मिली रसात 15 मिली लिंबू, चिमूटभर सैंधव, तुळशीची तीन-चार पानं चुरडून. भरपूर बर्फ, वर थोडा सोडा. साखर अजिबात नको. थॉमसन या हिरव्या द्राक्षांचा रस फार गोड लागतो, त्याला लिंबू दुप्पट घ्या. एप्रिल-मेमध्ये फालसा मिळाला तर निम्मा रस त्याचा. मला तोच जास्त आवडतो.