बीपी वाढलं की कॅन्सरही?

प्रेषक : सुनंदा (सध्या मुक्काम इंदूर)

नमस्कार मंडळी,
महिनाभर आईकडे रामबागेत आहे. परवा शेजारच्या काकांनी व्हॉट्सॲपवर आलेलं मोठ्याने वाचून दाखवलं : बीपीवाल्यांना कॅन्सरने मरण्याचा धोका दीडपट. वर त्यांचा स्वतःचा निष्कर्ष, की कॅन्सर बीपीच्या गोळ्यांनीच होतो. आईने दोन दिवस टेल्मिसार्टन (तिची बीपीची गोळी) घेतलेली नाही. पोह्यांवर शेव मात्र मूठभर! डॉक्टर मंडळींपैकी कुणी सांगाल का, यात खरं किती?

प्रेषक : अविनाश

सुनंदाताई,
आधी आईंना डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू करायला लावा, मग हे वाचा.

दीडपट हवेतून आलेलं नाही. नॉर्वे, स्वीडन आणि ऑस्ट्रियातल्या सुमारे 5 लाख 78 हजार लोकांवर सरासरी 12 वर्षं लक्ष ठेवलं होतं. सगळ्यांत जास्त बीपी असलेल्या एकपंचमांश लोकांत कॅन्सरने मरण्याचा धोका सगळ्यांत कमी बीपीवाल्या एकपंचमांश लोकांपेक्षा पुरुषांत 49 टक्के जास्त, बायकांत 24. आता हेच माणसं मोजून बघा : शंभर पुरुषांत 5 च्या जागी 8, बायकांत 4 च्या जागी 5. फॉरवर्ड करणाऱ्याला ‘4 च्या जागी 5’ लिहून काय मिळणार?

शिवाय तिथे बीपी मोजलं होतं, गोळ्यांची परीक्षा नव्हती. सिगारेट आणि वजन हिशेबात धरूनही संबंध दिसला. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. मूत्रपिंडाच्या कॅन्सरशी बीपीचं नातं अनेक अभ्यासांत दिसतं, आणि तिथे तर गाठच बीपी वाढवू शकते!

आईंची गोळी ज्या सार्टन गटातली आहे, त्या गटाच्या गोळ्यांवर 2010 मध्ये कॅन्सरचा संशय आला होता. अमेरिकेच्या औषध नियामकाने दीड लाखांवर रुग्णांच्या चाचण्या तपासल्या आणि 2011 मध्ये सांगितलं, धोका वाढलेला नाही.

बीपीची खरी भीती वेगळीच आहे. चाळिशी ते सत्तरीत वरचं बीपी 115 च्या पुढे दर 20 ने चढलं, की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं. रतलामी शेव त्यात धरा हो, ती काही हवा नाही.

प्रेषक : सुनंदा

अविनाशदादा, डॉक्टरांना विचारून गोळी सुरू केली. शेवेचा डबा माळ्यावर गेला. काकांना आकडे सांगितले तर म्हणाले, “शंभरात तीनच ना? मग मला कशाला शेव बंद?” हृदयविकाराचं त्यांना तुम्हीच फोनवर सांगा. दुपारी चारनंतर करा, आधी झोपलेले असतात.