१४५३ आणि मिरीची वाट
नेहमी सांगतात की १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतलं, मसाल्याची वाट बंद झाली आणि म्हणून युरोपीय समुद्रात उतरले. शाळेत आपण सगळ्यांनी हेच घोकलंय! पण मिरी मुख्यतः कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेनं जातच नव्हती. मलबारहून तांबडा समुद्र, मग कैरो, अलेक्झांड्रिया आणि पुढे व्हेनिसची गलबतं. इजिप्त तेव्हा मामलुक सुलतानांकडे होतं, उस्मानींकडे नव्हे. उस्मानी तिथे पोचले १५१७ साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतला आल्यावर १९ वर्षांनी. पोर्तुगीजांना सलत होता तो व्हेनिस-मामलुकांचा मक्ता. गंमत म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यावर, उस्मानी अमलातच, तांबड्या समुद्रातून मिरी पुन्हा जोरात जाऊ लागली. ती वाट अडवायला धडपडत होते ते पोर्तुगीज.