भूकंपावर चित्रपट करायचा तर कोणाकडून शिकावे?

प्रश्न (लातूर)
मी लघुपट करतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपावर काही करावे, असे फार दिवसांपासून मनात आहे. परंतु आराखडा मांडायला बसलो की ढिगारे, आक्रोश आणि करुण पार्श्वसंगीत यांपलीकडे काही सुचत नाही. येथील चित्रपटकर्त्यांना अशा विषयासाठी कोणत्या दिग्दर्शकाचे काम आधाराचे वाटते, आणि नेमके कशासाठी?

उत्तर (उमरगा)
माझ्यासाठी तो चित्रपट म्हणजे अब्बास कियारोस्तामी यांचा 1992 चा ‘अँड लाइफ गोज ऑन’. जून 1990 मध्ये उत्तर इराणला मोठा भूकंप झाला. कियारोस्तामी यांच्या 1987 च्या चित्रपटात काम केलेली मुले त्याच भागातली होती. ती वाचली की नाही हे पाहण्यासाठी ते आपल्या मुलाला घेऊन तिकडे गेले, आणि पुढे तोच प्रवास त्यांनी पडद्यावर नव्याने उभा केला. चित्रपटातला दिग्दर्शक गाडीच्या खिडकीतून रस्ता विचारत राहतो आणि लोक हातातले काम न सोडता उत्तर देतात. एक तरुण तंबूंच्या वस्तीसाठी टीव्हीचा अँटेना उभारतो आहे. घरची माणसे गेलेली असताना सामना कसा पाहवतो, या प्रश्नावर तो सरळ सांगतो की विश्वचषक चार वर्षांतून एकदाच येतो. दुःख लपवलेले नाही, पण ते कोणाकडून वदवूनही घेतलेले नाही, आणि हे साधणे फार अवघड आहे. शेवटच्या दीर्घ दृश्यात गाडी चढावर अडते, मागे घसरते आणि पुन्हा चढते; मुले भेटली की नाही, हे आपल्याला कळतच नाही. दृश्य कोठे थांबवावे, हे मी या चित्रपटावरून शिकलो.

उत्तर (औसा)
सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. मात्र त्या चित्रपटात तंबू अजून उभे होते, आणि आपल्याकडे मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गेला आहे, हा फरक विसरता येणार नाही. गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेली माणसे पहाटे माळवदाखाली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली सापडली; त्यानंतर पुनर्वसित गावे सरळ रस्त्यांवर, आखलेल्या ओळींत वसली. नव्या गावात जन्मलेल्यांना जुने गावठाण केवळ ऐकून माहीत आहे. माझ्या मते आपला चित्रपट या दोन जागांमधल्या रस्त्यावर आहे.

प्रश्नकर्ता (लातूर)
ताई, हे फार उपयोगाचे आहे. मग वृद्धांशी बोलताना सुरुवात कोठून करावी? ‘त्या रात्री काय झाले’ असे विचारले की सर्वांची उत्तरे एकसारखी येतात.

उत्तर (औसा)
रात्रीबद्दल विचारूच नका. जुन्या गावठाणात त्यांच्यासोबत चाला आणि ओसरी कोठे होती, चूल कोठे होती, शेजारच्या घराचे दार कोणत्या बाजूला उघडत होते, एवढेच विचारा. कॅमेरा त्यांच्या मागे चार पावले राहू द्या. चेहरा दिसलाच पाहिजे, असा आग्रह धरू नका.