न्यूपोर्टला अमेरिकाज कपच्या जुन्या शर्यतीच्या बोटीवर फेरी: सल्ला हवा

सायली_बॉस्टन
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये एका शनिवारी आई-बाबांना घेऊन र्‍होड आयलंडच्या न्यूपोर्टला जायचं आहे. बाबा ७२, आई ६८ आणि तिचे गुडघे दुखतात. सोबत नऊ वर्षांचा मुलगा. तिथे 'ट्वेल्व्ह मीटर' नावाच्या जुन्या शर्यतीच्या बोटींवर पर्यटकांना दोनेक तास नेतात असं कळलं. कुठल्या वेळेची फेरी घ्यावी? आईला जमेल का? बोट फार कलते म्हणतात, उलटण्याचा धोका असतो का? मुलाला दोर ओढायला मिळेल का?

नाखवा
आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बारा मीटर ही बोटीची लांबी नाही. लांबी, घेर, कठड्याची उंची आणि शिडाचं क्षेत्रफळ एका सूत्रात घालून २.३७ ने भागलं की उत्तर बाराच्या आत यायला हवं, असा तो शर्यतीचा नियम. प्रत्यक्षात बोट सुमारे २० मीटर लांब, जेमतेम साडेतीन-पावणेचार मीटर रुंद आणि पंचवीस टनांच्या पुढे वजनाची असते. १९५८ ते १९८७ अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची मानाची आंतरराष्ट्रीय शर्यत याच वर्गात झाली, आणि १९८३ पर्यंत न्यूपोर्टच्या पाण्यात.

म्हणून बुकिंग करताना बोटीचं नाव विचारा. 'वेदरली' १९५८ ला बांधली. त्या वर्षी निवड-शर्यतीत 'कोलंबिया'कडून हरली आणि १९६२ ला तिनेच ऑस्ट्रेलियाच्या 'ग्रेटेल'ला ४-१ ने हरवलं. 'इंट्रेपिड' १९६७ आणि १९७० अशी दोनदा जिंकली. 'अमेरिकन ईगल'ला कप खेळायला मिळाला नाही, पण नंतर अमेरिकन उद्योगपती टेड टर्नरने तिला खुल्या समुद्रातल्या लांब शर्यतींत गाजवलं. नुसतं 'क्लासिक यॉट' लिहिलेल्या जाहिरातीत बर्‍याचदा स्कूनर (दोन किंवा जास्त डोलकाठ्यांची शिडाची बोट) असते. ती बोटही छान, पण ती शर्यतीची नव्हे.

उलटण्याबद्दल: तळाशी शिशाची जड कील (बोटीखालचा पात्यासारखा कणा) असते, एकूण वजनाचा निम्म्याहून जास्त भाग तिचाच. बोट कलत जाते तसा शिडावरचा वार्‍याचा जोर कमी होतो आणि कीलचा परत खेचणारा जोर वाढतो. वीस-पंचवीस अंश कलणं ही तिची रोजची चाल आहे. खालच्या बाजूचा कठडा पाण्याला टेकला तरी घाबरायचं कारण नाही.

खारा_वारा
वेळ दुपारचीच घ्या, एक ते तीनच्या दरम्यान सुटणारी. सकाळी खाडीत बहुधा पाणी सपाट आणि शिडं लोंबलेली. जमीन तापली की दुपारी नैऋत्येकडून खारे वारे सुरू होतात आणि उन्हाळ्यात चांगल्या दिवशी १२ ते १८ नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) जातात. या जड बोटींना जाग यायला दहा नॉट तरी लागतात. सूर्यास्ताची फेरी फोटोंसाठी चांगली, पण तोवर वारा उतरायला लागतो.

आणखी एक. बंदरातून फोर्ट ॲडम्स ओलांडून कॅसल हिल दीपगृहाकडे जाताना वारा समोरून असतो, त्यामुळे नागमोडी जावं लागतं. बोट कलते, तुषार उडतात. परतताना वारा पाठीमागून, बोट जवळपास सरळ. जॅकेट निघतानाच घाला, फोटो परतताना काढा. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना नैऋत्येचा वारा जोरात असेल, तर खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. मळमळ तिथेच सुरू होते. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून शक्यतो भरतीच्या वेळेची फेरी निवडा. मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. आई-बाबांची बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुकाणू_धर
आईंबद्दल मी थोडं वेगळं सांगेन. गुडघ्यांना त्रास कलण्याचा कमी, चढण्या-उतरण्याचा आणि बाजू बदलण्याचा जास्त. शर्यतीच्या बोटीचा डेक अरुंद. विंच (दोर गुंडाळून ताणायचे फिरते ड्रम), दोर, कप्प्या यांनी भरलेला, बाकं जवळपास नाहीतच. बोट वळली की कधी कधी लोकांना उंच बाजूला सरकायला सांगतात. फोनवर तीन गोष्टी विचारा: धक्क्यावरून डेकवर पायरी किती उंच, पूर्ण फेरीत एकाच जागी बसून राहता येईल का, आणि शौचालय वापरण्याजोगं आहे का. पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर अडखळत आलं तर आईंना स्कूनरवर बसवा. ती रुंद असते, बसायला बाकं असतात आणि बरीच कमी कलते. बाबा आणि मुलगा शर्यतीच्या बोटीवर जाऊ देत. सगळ्यांनी एकाच बोटीवर जायचा हट्ट नको.

बूट मऊ, पांढर्‍या किंवा डाग न पाडणार्‍या तळव्यांचे. ओढणी, लांब दुपट्टा नको, विंचमध्ये गुंतू शकतो. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

नाखवा
मुलाला दोर नक्की मिळेल. बहुतेक कप्तान विचारतातच. जिबचा (पुढच्या शिडाचा) दोर विंचवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आधी दोनच वेढे. बोटीचं नाक वार्‍यातून पलीकडे जात असताना दोर सैल असतो, तेव्हा हाताने भराभर ओढून घ्यायचा. शिडात वारा भरला की आणखी एक-दोन वेढे आणि मग हँडल. सुरुवातीलाच चार वेढे घातले तर वरचा वेढा खालच्यावर चढून दोर अडकतो, आणि ताणाखाली तो सुटता सुटत नाही. बोटं ड्रमपासून वीतभर लांब. 'रेडी अबाउट' (वळायला तयार व्हा) ऐकलं की डोकं खाली, बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) डोक्यावरून जातो.

फक्त रनिंग बॅकस्टेला हात लावू देऊ नका. डोलकाठीला मागून धरणारे हे दोन ताण, एका वेळी वार्‍याकडचाच कसलेला. वळताना जुना सोडायचा आणि नवा कसायचा. पाठीमागच्या वार्‍यात बाजू बदलताना जुना सोडायचा राहिला तर बूम त्यावर आदळतो आणि डोलकाठी मोडू शकते. ते काम खलाशांचंच.

सायली_बॉस्टन
सगळ्यांचे मनापासून आभार. आईसाठी स्कूनर, बाकीचे शर्यतीच्या बोटीवर, हे पटलं. गाडीचं काय करावं?

खारा_वारा
अमेरिकाज कप ॲव्हेन्यूवर गेटवे सेंटरच्या मागे पार्किंगची इमारत आहे. तिथून बोवेन्स आणि बॅनिस्टर्स धक्के चालत दहा मिनिटांच्या आत. शनिवारी दहाच्या आधी पोचा. किंवा गाडी प्रॉव्हिडन्सला ठेवून उन्हाळी फेरीबोट घ्या, ती धक्क्यांजवळच पेरॉटी पार्कला सोडते. बुकिंगआधी वादळ किंवा धुक्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या. खलाशांना टिप १५-२० टक्के, रोख.