मुलाला मॅजिकच्या प्री-रिलीजला न्यायचंय, तिथे नेमकं काय असतं?

मनूची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मुलगा मनू, वय १३. गेलं वर्षभर मित्रांच्या नादाने 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळतोय, म्हणजे मित्राच्या घरी आणि मित्राच्याच कार्डांनी. येत्या शनिवारी, २७ जुलै २०२४ ला, इथल्या एका दुकानात 'ब्लूमबरो' नावाच्या नव्या कार्डांच्या सेटचं प्री-रिलीज आहे. तिथे जायचं म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलंय. फी ३५ डॉलर.

दुकानात फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणाला, "सील्ड आहे, चार राउंड, नुसते या." मला त्यातलं 'या' तेवढं कळलं. आमच्याकडे पत्ते म्हणजे मे महिन्यात आजोळी खेळलेला झब्बू आणि मेंढीकोट. तेव्हा प्रश्न अडाणी वाटले तर सांभाळून घ्या. सोबत काय न्यायचं? मोठी माणसंही खेळतात म्हणे, मग हा रडवेला होऊन घरी येणार का? मी तिथे बसून राहिले तर चालतं, की त्याची अब्रू जाते? आणि हा जुगार तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न सासूबाईंचा आहे, पण खरं सांगायचं तर माझाही.

कृष्णाकाठचा

ताई, शेवटापासून सुरुवात करतो, कारण माझ्या आईनेही २००४ साली सांगलीहून फोनवर हेच विचारलं होतं. जुगार नाही. ३५ डॉलर देताय ते कार्डांचे. प्रत्येकाला एक खोकं मिळतं. त्यात सहा पाकिटं, एका पाकिटात १४ कार्डं, शिवाय वर एक चमकणारं खास कार्ड. म्हणजे ८५ झाली. मनू चारही राउंड हरला तरी ती सगळी त्याचीच. जिंकणाऱ्यांना बक्षीस म्हणून आणखी पाकिटं मिळतात. किती, ते दुकानदार ठरवतो. पाकीट फोडायची चटक मात्र असते. 'पुढच्यात नक्की निघेल' हे वाक्य लॉटरीच्या टपरीवर ऐकू येतं तसंच इथेही येतं. म्हणून त्याच्या खिशात फी आणि पिझ्झाचे पैसे द्या, वर काही नको.

आता 'सील्ड'. घरून डेक न्यायचा नसतो. सगळ्यांनी तिथेच आपापली पाकिटं फोडायची आणि निघालेल्या कार्डांतून किमान ४० पत्त्यांचा डेक बांधायचा. सेट अधिकृतपणे दुकानात येतो २ ऑगस्टला, त्याच्या आठवडाभर आधी ही कार्डं खेळायला मिळतात, म्हणून प्री-रिलीज. मुरलेल्या खेळाडूंनीही ती फक्त स्क्रीनवर पाहिलेली असतात. त्यामुळे दर दोन मिनिटांनी कोणीतरी "जरा वाचू दे हं" म्हणत समोरच्याचं कार्ड डोळ्यांपाशी नेतं. मनूने तसं केलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. एरवी शुक्रवारी रात्री त्याच दुकानात गेलात तर समोरचा डोळे मिटून खेळत असतो आणि नवख्या पोराला घाम फुटतो.

पोरांचा घोळ होतो तो डेक बांधताना, आणि माझा तर असा झाला की अजून मित्र काढतात. सप्टेंबर २००४, 'चॅम्पियन्स ऑफ कामिगावा'चं प्री-रिलीज. तेव्हा मी पिट्सबर्गला शिकत होतो. रूममेटने गाडीत घालून एका मोठ्या हॉलमध्ये नेलं. मला सगळीच कार्डं आवडली. कशाला कोणाला वगळा? चार रंग, ६१ पत्ते. पहिल्या डावात हातात एक जबरदस्त ड्रॅगन आला, पण तो उतरवायला लागणारे लाल लँड (लँड म्हणजे 'माना', बाकीची कार्डं खेळायचं इंधन, देणारी कार्डं) शेवटपर्यंत आले नाहीत. ड्रॅगन हातात धरून मी मेलो. समोरच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी डाव संपल्यावर माझा कॅट उलटा पसरला, मोजला आणि एक सुस्कारा सोडला. मग पुढची दहा मिनिटं ते माझ्याबरोबर बसून पत्ते कमी करत होते. माझ्याविरुद्ध जिंकलेला माणूस!

तर मनूला एवढंच पाठ करायला सांगा: ४० पत्ते, त्यात १७ लँड, रंग दोन. ४१ वाही नको. उरलेल्या २३ मध्ये १५-१६ तरी प्राणी हवेत, कारण मैदानात कोणी उभंच नसेल तर मंत्र मारून काय करणार? साधे लँड दुकानात फुकट मिळतात, टेबलावर डबे ठेवलेले असतात. पाकिटं फोडली की आधी भाजी निवडल्यासारखे रंगांचे पाच ढीग करायचे: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. दुर्मिळ कार्ड मोहात पाडतं, पण एकट्या त्याच्यासाठी तिसरा रंग घालू नये. डेक बांधायला तासभर मिळतो. त्यात हा १५ व्या मिनिटाला 'झालं' म्हणाला तर पुन्हा मोजायला लावा.

ब्लूमबरो नवशिक्याला सोपा जाईल असं मला वाटतं. या सेटच्या जगात माणूस नावालाही नाही. दहा जातींचे प्राणी आहेत आणि प्रत्येक जात दोन रंगांची: ससे हिरवे-पांढरे, उंदीर लाल-पांढरे, बेडूक हिरवे-निळे, खारी काळ्या-हिरव्या, वटवाघळं पांढरी-काळी. ढीग केल्यावर ज्या जातीची गर्दी दिसेल तिकडे वळायचं. एकच सूचना. काही प्राण्यांवर 'ऑफस्प्रिंग' लिहिलेलं असेल. वर थोडा माना जास्त भरला की त्या प्राण्यासोबत त्याचंच १/१ ताकदीचं (हल्ला एक, बचाव एक) पिल्लू मैदानात येतं. पोरं उतावीळपणे दुसऱ्याच खेळीत एकटा प्राणी टाकून मोकळी होतात. दोन खेळ्या कळ काढली तर पिल्लासकट येतो, तेही सांगा.

राउंड ५० मिनिटांचा, तीनपैकी दोन डाव जिंकायचे. हरला म्हणून कोणी बाहेर पडत नाही. पुढच्या राउंडला साधारण तितकंच जिंकलेल्याशी, म्हणजे तितकंच हरलेल्याशी गाठ पडते. पहिले दोन राउंड गेले तर तिसऱ्यात समोर बहुधा त्याच्यासारखंच पोरगं असेल. भिडू विषम असले तर एकाला 'बाय' मिळतो. न खेळताच जिंकल्यात जमा, आणि तेवढ्यात पिझ्झा खाऊन होतो. दमला तर मध्येच नाव काढून घेता येतं, त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडे पत्ते पिसून समोरच्याला कापायला देतात ना, तीच रीत इथे. फक्त इथे समोरचा नुसता कापत नाही, कधी कधी पुन्हा पिसतोही. मनूला वाटेल आपल्यावर संशय घेतोय. तसं नसतं, उलट ह्यानेही त्याचा कॅट कापावा. नियमावरून अडलं तर वाद घालायचा नाही, हात वर करून 'जज' म्हणायचं. प्री-रिलीजला नियम सैल हाताने लावतात आणि जज शिकवायलाच आलेला असतो. पोरं मात्र शाळेत बाईंनी विचारल्यासारखी गप्प बसतात आणि चुकीचं ऐकून घेतात.

खोक्यात २० बाजूंचा एक फासाही निघेल. तो आपलं लाइफ, म्हणजे उरलेला जीव, मोजायला, कारण प्रत्येकाचं लाइफ २० पासून सुरू होतं. त्यावर आकडे ओळीने शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे सुरुवात कोणी करायची ते ठरवायला साधा फासा वापरलेला बरा.

न्यायचं काय: कार्डांची प्लास्टिकची कव्हरं (स्लीव्हज), ६० चं एक पाकीट पुरतं, काही फाटतातच. वही-पेन, पाण्याची बाटली, स्वेटर. बॅग पायात अडकवून बसायचं. भडंग नेऊ नका. मी नेला होता. आईने पाठवलेला, अस्सल, तेल-तिखट-लसूण लावलेला. समोरच्याला प्रेमाने पुढे केला, त्यानेही खाल्ला आणि मग माझ्या डेकमधलं सगळ्यात महाग कार्ड वाचायला उचललं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, कोपऱ्यात बोटाचा पिवळा ठसा आहे. गूळपोळीही नको.

तुम्ही जरूर थांबा, पण टेबलापासून लांब, पुस्तक घेऊन. एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: अदलाबदल. एका दुकानात (नाव घेत नाही) एक गृहस्थ लहान मुलांच्या टेबलांभोवती घिरट्या घालायचे. "हे एक देतोस? मी पाच देतो," असं म्हणायचे. पाच म्हणजे कचरा. मनूला सांगून ठेवा, त्या दिवशी काहीच द्यायचं नाही. "आईला विचारतो" म्हटलं की असली माणसं आपोआप पांगतात.

इंद्रायणी

कृष्णाकाठचा यांच्या भडंगाला +१. आमच्याकडे चकली झाली होती.

मनूची आई, एक भर घालते. बरीच दुकानं रविवारी 'टू-हेडेड जायंट' ठेवतात. दोघांची जोडी विरुद्ध दोघांची जोडी, दोघांत मिळून ३० लाइफ, एकमेकांना पत्ते दाखवून कुजबुजायला परवानगी. मी नवऱ्याबरोबर असंच शिकले. मला तेव्हा काहीही येत नव्हतं. मी फक्त "आता हा उडणारा पक्षी टाकू?" विचारायचे आणि तो मान हलवायचा. शनिवारी मनूला मजा आली तर पुढच्या सेटला तुम्ही दोघं जोडीने बसा.

आणि १७ लँडचा एवढा धोशा का हो? स्वस्तातले प्राणी असतील तर १६ भरपूर होतात.

कृष्णाकाठचा

होतात. तुम्हाला, मला होतात. १३ वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी १७ च सांगा, १६ ची हौस मागाहून. लँड जास्त आले तर निदान हातातलं खेळून तरी हरतो. कमी आले तर नुसता बघत बसतो, आणि रडवेला होतो तो तेव्हाच.

मनूची_आई

मंडळी, जाऊन आलो! रविवारी दुपारी लिहितेय, मनू अजून झोपलाय.

साधारण ४० माणसं होती. मला वाटलं होतं सगळी पोरं असतील. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आले होते, त्यांनी जेवणाच्या डब्यात लँड रंगाप्रमाणे लावून आणले होते. खोकी वाटल्यावर जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. ४० माणसं एकदम पाकिटं फाडतात, श्रावणात सरीवर सर आल्यासारखं. मग दहा मिनिटं कोणी बोलेना.

आमच्याकडे खारी आल्या, काळ्या-हिरव्या. गडी ४७ पत्त्यांवर अडून बसला होता. एक चकचकीत निळा बेडूक निघाला होता आणि तो काही केल्या सुटेना. मी पुस्तकामागून फक्त "ड्रॅगन" एवढंच म्हटलं (त्याला तुमची गोष्ट गाडीत वाचून दाखवली होती). तोंड वाकडं करून बेडूक बाजूला ठेवला. ४० झाले. १७ लँड, मी मोजले.

पहिला राउंड हरला, दुसराही. दुसऱ्यात डोळे भरले होते, पण समोरची कॉलेजातली मुलगी त्याला म्हणाली, "तू तो प्राणी आडवा घातला असतास तर मी मेले असते," आणि दोघांनी तीच खेळी मांडून पुन्हा पाहिली. तेवढ्याने गाडी रुळावर आली. तिसऱ्यात त्याच्याच शाळेतला सातवीतला मुलगा समोर, २-१ जिंकला. चौथा राउंड वेळेत संपेना. वेळ संपल्यावर आणखी पाच खेळ्या देतात हे माहीत नव्हतं. शेवटी बरोबरी. म्हणजे तीन अधिक एक, चार गुण. बक्षिसाचं एक पाकीट मिळालं, ते त्याने फोडलंच नाही, उशाशी ठेवलंय.

तो अदलाबदलवाला माणूस आमच्याकडेही होता! निळा बेडूक मागितला. मनू म्हणाला, "आईला विचारतो," आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. मी चष्मा वर केला. गेला.

भडंग नेला नव्हता. पण इंद्रायणीताई, मी त्या जोडीच्या खेळाची चौकशी केली, पुढच्या सेटला नाव देतेय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

एक प्रश्न उरलाय. डेकमध्ये २३ गेली, बाकीची साठेक कार्डं जेवणाच्या टेबलावर पसरलीत. टाकायची नाहीत म्हणतो, हात लावायचा नाही म्हणतो. यांचं करायचं काय?

कृष्णाकाठचा

बुटांचं खोकं. रिकामं नसेल तर बूट घ्या.