मदत हवी आहे: अ‍ॅपला दिलेली संमती परत कशी घ्यावी?

पऱ्हाटीवाला: बाबांच्या मोबाइलमधील प्रत्येक क्रमांकावर, अगदी डवरणीला येणाऱ्या माणसापासून बहिणीच्या सासऱ्यांपर्यंत, 'यांनी हप्ता थकवला आहे' असा संदेश गेला. मी कर्जाचे अ‍ॅप काढून टाकले, तरी संदेश थांबलेले नाहीत. कंपनी म्हणते की संपर्क यादी पाहायला बाबांनी संमती दिली होती. कृपया लवकर उपाय सांगावा.

वर्धाकाठ: भाऊ, कर्ज किती, अ‍ॅप कोणते आणि परवानगीचे बटण कोणी दाबले, हे तुम्ही लिहिलेच नाही.

पऱ्हाटीवाला: बियाण्यासाठी आठ हजार घेतले होते. बटण कृषी केंद्रातल्या मुलाने दाबले. बाबा समोर चहा पीत बसले होते. स्क्रीनवरचा मजकूर इंग्रजीत होता.

काळी_माती: मी दर सहा महिन्यांनी फोन फॅक्टरी रीसेट करतो, तुम्हीही करा. बियाणे कपाशीचे होते की सोयाबीनचे?

वर्धाकाठ: रीसेटने काय साधणार? यादी एकदा त्यांच्या सर्व्हरवर गेल्यावर फोन विहिरीत टाकला तरी ती त्यांच्याकडेच राहते.

उसनवारी_नको: कर्ज घेतले आहे तर ते फेडावे, म्हणजे संदेश आपोआप थांबतील.

कायदेकानू: फेडावे लागेलच, पण थकबाकीमुळे नातेवाइकांना छळण्याचा अधिकार मिळत नाही. डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील संपर्क यादी आणि कॉलची नोंद पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि स्वतःच्या स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, शिवाय ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे असावे. त्या कायद्यातच असे उदाहरण आहे की वैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपने संपर्क यादी मागितली आणि माणसाने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी यादी लागत नसल्यामुळे तो होकार तिला लागू होत नाही. मात्र ही कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने सध्या रिझर्व्ह बँकेचाच आधार घ्यावा. आणि बहिणीच्या सासऱ्यांना कोणी विचारले होते? त्यांच्या क्रमांकाची संमती बाबा देणार तरी कशी?

उसनवारी_नको: हे मान्य, पण तक्रार करायची कोणाविरुद्ध?

कायदेकानू: अ‍ॅप हा बहुतेक वेळा दलाल असतो. त्यामागची बँक किंवा वित्तसंस्था कर्जाच्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या पत्रकात, सापडेल. आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. धमक्या येत असतील तर संदेशांचे स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडेही जावे.

पऱ्हाटीवाला: ते पत्रक ईमेलवर आले असणार, पण बाबांचा ईमेल त्याच मुलाने उघडून दिला होता आणि पासवर्डही त्याच्याकडेच आहे. उद्या सकाळच्या एसटीने केंद्रावर जातो.