तेलात मुरवलेली कालवे किती दिवस टिकतात?

खाडीकाठ
जपानहून आलेल्या भाच्याने तिकडच्या पद्धतीने तेलात मुरवलेली कालवे खाऊ घातली, तेव्हापासून पाहुण्यांना जेवणाआधी देण्यासाठी ती घरी करावीत असे मनात आहे. आमच्याकडे रत्नागिरीत सोललेली कालवे वाट्याने मिळतात. ती शिजवून बरणीत तेलाखाली ठेवली, तर लोणच्याप्रमाणे महिनाभर ओट्यावर राहतील का? कृतीही कळावी.

रोवळी
जपानात सर्वाधिक कालवे हिरोशिमात पिकतात. मी ही कृती तिथल्या शेजारणीकडून शिकले. कालवे मिठाच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन, शिंपल्याची कच काढून, फडक्यावर टिपून घ्यावीत. मग तेल न घालता तव्यावर ठेवून त्यांना सुटलेले पाणी त्यांच्यातच आटू द्यावे. घाई करून ते ओतून टाकले, तर चवच ओतली जाते. शेवटी थोडा ऑयस्टर सॉस घालून, तो कालवांना लपेटेपर्यंत परतावे. निवताच स्वच्छ बरणीत तमालपत्र, सुकी मिरची आणि बुडतील इतके सौम्य वासाचे तेल घालून बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. घाण्याच्या शेंगदाणा तेलाखाली कालवांचा स्वाद दबतो, असे माझे मत आहे.

मुदपाक
कृती उत्तम आहे, परंतु ओट्याचा विचार कृपया सोडून द्यावा. तेल जंतूंना मारत नाही, ते केवळ हवा तोडते. आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला नेमके तेच हवे असते. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानातही तग धरतात, म्हणूनच कारखान्यात डबाबंद कालवांना दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्याचे विष वासावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही.

खाडीकाठ
मग कोळंबीचे लोणचे कसे टिकते? व्हिनेगर घातले तर चालेल का?

मुदपाक
लोणच्यात कोळंबी कडक तळून तिचे पाणी घालवलेले असते, शिवाय मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो. हा जिवाणू ४.६ पेक्षा कमी पीएचमध्ये (पीएच हे आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) वाढत नाही. पण आंबटपणा कालवाच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला हवा, वरून चमचाभर व्हिनेगर शिंपडून ते साधत नाही. या जिवाणूचे काही प्रकार फ्रिजमधल्या थंडीतही हळूहळू वाढतात, म्हणून मी तीन-चार दिवसांपलीकडे ठेवत नाही.

रोवळी
सहमत आहे. जास्त केली असतील, तर पहिल्याच दिवशी लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकावीत आणि लागतील तेवढीच फ्रिजमध्ये वितळू द्यावीत. उरलेले तेल मात्र साठवू नये. त्याच दिवशी भातावर घ्यावे.